दगडाची पश्चिम बाजू

वीस पावलं झाली की भाऊ थांबायचे, टाचेवर वळायचे आणि आलेल्या वाटेकडे बघायचे. डोळे बारीक करून, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मग पुन्हा पुढची वीस पावलं. घाटाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची आमची वाट सहा दिवसांची. त्या सहा दिवसांत ते किती वेळा वळत असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

"भाऊ, मागे काय राहिलं?" नवा माणूस हमखास विचारायचा.

"वाट राहिली," ते म्हणायचे. "जाणाऱ्याची बघून झाली. येणाऱ्याची बघायची राहिली."

वाटेवरच्या गावांतल्या बायका पाण्याचा तांब्या पुढे करताना हसायच्या. "ह्यांच्या पाठीला काय लागलाय काय हो? मिरच्या ओवाळून टाका कोणीतरी." भाऊ पाणी पिऊन तांब्या परत देत आणि गंभीर चेहऱ्याने सांगत, "लागलंय ना. हे आमचे सचिव लागलेत."

सचिव म्हणजे मी.

तुमच्यापैकी जे ही वाट चालले आहेत त्यांनी त्यांना पाहिलं असेल. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, एका हातात कोयती, दुसऱ्या हातात चुन्याचा डबा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. वाटेवर कुणाच्या नावाची पाटी लावायची नाही, असा ठराव त्यांनी वाट सांभाळणाऱ्या आमच्या मंडळाकडून करून घेतला होता. त्या ठरावाखाली माझी सही आहे. निदान ती एक सही तरी पाळतो.

भाऊंची नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. "तीस वर्षं डोंगराच्या पोटात काढली, आता पाठीवरून चालतो," असं म्हणायचे. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले आणि दोन शिक्षक, एक रिक्षावाला, एक आंब्याचा बागायतदार आणि सरकारी कचेरीतून नुकताच सुटलेला मी, अशी माणसं त्यांनी गोळा केली. लोकांनी सोडून दिलेल्या पायऱ्यांच्या पाखाड्या, बैलांच्या वाटा, ओढ्यांवरचे साकव शोधून, एकमेकांना जोडून आम्ही ही वाट उभी केली. सगळं रविवारी आणि सगळं आपल्या भाकरीवर. भाऊ अध्यक्ष झाले, पण मोहिमेत ते सगळ्यांच्या शेवटी चालायचे. "पुढे कुणीही चालतो," म्हणायचे. "मागे कोण राहिला ते दिसायला अध्यक्ष पाहिजे."

पहिल्या वर्षीच आमच्या एका शिक्षकांनी जांभ्याच्या एका सुट्या चिऱ्यावर फार सुबक बाण काढला. महिन्याभरात एका गावकऱ्याने तो चिरा उचलून आपल्या कुंपणाच्या गडग्याला लावला. झालं! समुद्राकडे निघालेले चालणारे थेट त्याच्या घरापुढच्या खळ्यात उतरू लागले. तो माणूस तणतणत रत्नागिरीला आला. "अहो, तुमची माणसा रोज माझ्या दारात. म्हातारी च्या करून करून दमली!" भाऊंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि वहीत नियम लिहिला: हलणाऱ्या दगडावर खूण करायची नाही. मग म्हणाले, "चूक आमची, पण तुमच्या आईंना सांगा, आमचा एवढा पाहुणचार कुठल्याच टप्प्यावर होत नाही." तो गावकरी पुढे आमचा सभासद झाला.

ही हसण्यावारी जाणारी चूक होती. आता दुसऱ्या चुकीकडे येतो, जिच्यासाठी लिहायला बसलो आहे.

आमच्याकडे पावसात चुन्याची खूण टिकत नाही. शेवाळ चढतं, गवत कमरेएवढं होतं. म्हणून नवरात्रापासून दिवाळीपर्यंत प्रत्येकाने आपापल्या टप्प्यावर जाऊन बाण नव्याने काढायचे. चुन्यात मूठभर मीठ घालायचं, म्हणजे तो धरतो. आणि टप्पा दोनदा चालायचा: एकदा समुद्राकडे जाताना, एकदा उलट. कारण दगडाच्या एका अंगाला काढलेला बाण पलीकडून येणाऱ्याला दिसत नाही. आमच्या मंडळात याहून मोठा नियम नव्हता.

काम झालं की आपण भाऊंच्या घरी जायचं. ते ओटीवर बसलेले असत. एकच प्रश्न विचारत:

"परतून बघितलंत?"

"हो" म्हटलं की ते वही उघडत आणि स्वतःच्या हाताने लिहीत: अमका टप्पा, दोन्ही बाजूंनी पाहिला. खाली स्वतःची सही करत. टप्पा कुणाकडे होता त्याचं नाव लिहीत नसत. मी कचेरीतला माणूस. एकदा म्हटलं, "भाऊ, ज्याने पाहिला त्याची सही घ्या." ते म्हणाले, "तोंडाने सांगितलेलं पुरत नसेल, तर त्याला वाट कशाला सोपवायची?"

माझ्याकडे सड्याचा टप्पा होता. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, झाड ना सावली. चढउतार नसल्याने सगळे त्याला सोपा समजत, मीही समजत होतो. त्या वर्षी सकाळी वरच्या गावातून निघालो, बाण काढत काढत दीड वाजता खाडीकाठच्या गावात उतरलो. तिथे माझा मेहुणा राहतो. चुन्याने माखलेले हात घेऊन त्याच्या विहिरीवर गेलो, तर आतून वास आला.

"भावजी, हिने तिसऱ्या आणल्यान आत्ताच, खाडीतल्या," मेहुणा म्हणाला. "जेवल्याशिवाय सोडणार नाय."

तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, आंबेमोहोराचा भात, वर सोलकढी. दोनदा वाढून घेतलं. मग पडवीत घोंगडी टाकलेली होती. डोळा लागला तो चार वाजता उघडला. साडेचारची एस. टी. दारावरूनच जाते. सडा परत चढायचा म्हणजे वर पोचेपर्यंत अंधार झाला असता. पुढच्या रविवारी करू, असं म्हणून गाडीत बसलो. पुढच्या रविवारी एक बारसं होतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी भाऊंच्या ओटीवर गेलो.

"काय सचिव, परतून बघितलंत?"

"हो."

त्यांनी लिहिलं. सही केली. मी चहा घेतला. इतकं सोपं होतं ते.

डिसेंबरात एका दुपारी एकच्या सुमारास भाऊंचा फोन आला. कोल्हापूरकडच्या एक निवृत्त परिचारिका एकट्या वाट चालत होत्या, समुद्राकडून घाटाकडे. सकाळी त्या खाडीकाठच्या गावातून सडा चढल्या होत्या. भाऊंना त्यांचा फोन आला होता. "बाण दिसत नाही" एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. नंतर लागतच नव्हता.

"सचिव," भाऊ म्हणाले, "सड्यावर एकच जागा आहे चुकायची. फाट्यावरचा दगड. पश्चिम बाजूला बाण आहे ना?"

त्या दगडाचं तुम्हाला सांगायला हवं. वरून, पूर्वेकडून येताना तिथे फाटा आहे हे कळतसुद्धा नाही. बाजूने ट्रकची एक जुनी वाट येऊन आपल्या वाटेला मिळते, इतकंच. पण समुद्राकडून येणाऱ्याला तिथे दोन वाटा दिसतात, आणि ट्रकची जास्त रुंद, जास्त खरी वाटते. ती सोडून दिलेल्या चिरेखाणीकडे जाते. चिऱ्याची खाण कशी असते ते कोकणातल्या माणसाला माहीत आहे. भिंतीसारखी सरळ कापलेली, कठडा नाही, आणि पावसानंतर काठावर उंच गवत.

मी दगडाची पूर्व बाजू रंगवली होती. पश्चिम बाजूला त्या वर्षी गेलोच नव्हतो.

फोनवर मी विचार करायला एक क्षण घेतला. त्या क्षणात मला सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

"आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, भाऊ."

"मग त्या फाटा चुकलेल्या नाहीत. पुढे गेल्यात. वरच्या अंगाला बघू, पाणी संपून कुठे बसल्या असतील."

माझ्या "नक्की"वर आम्ही चौघे जीप घेऊन वरच्या गावी गेलो. खालून गेलो असतो तर तासाभरात फाट्यावर असतो. त्या काठच्या गवतातून त्या पडल्या असतील, अशी भीती मला वाटत होती, आणि मी जीपमध्ये भाऊंच्या शेजारी बसून पाण्याच्या बाटल्या मोजत होतो.

वरून हाका मारत आम्ही खाली निघालो. सड्यावर हाक पसरते आणि कुठेच आपटत नाही, परत येत नाही. भाऊ त्या दिवशीसुद्धा शेवटी चालत होते. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, आज तरी पुढं व्हा." ते म्हणाले, "तुम्ही पुढचं बघा. मी राहिलेलं बघतो." प्रत्येक झुडूप, प्रत्येक घळ बघत आम्हाला फाट्यापर्यंत यायला चार वाजले.

दगड आला. त्याच्या पूर्व अंगावर माझा बाण लख्ख दिसत होता. आम्ही दगड ओलांडून पुढे गेलो. मी भाऊंच्या शेजारून चालत मनात पावलं मोजत होतो. आयुष्यात कधी इतकी नीट मोजली नव्हती. अठरा. एकोणीस. वीस.

भाऊ थांबले आणि वळले.

मी दगडाकडे बघितलं नाही. मला दगडाचं ते अंग माहीत होतं. काळं, शेवाळ वाळून पापुद्रे निघालेलं. मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी दगडाकडे बघितलं, मग ट्रकच्या वाटेकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे फार वेळ बघितलं नाही. एवढंच म्हणाले, "खाणीकडे," आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ते सगळ्यांच्या पुढे पळत सुटले. सत्तरीचा माणूस.

बाई खाणीच्या तळाशी होत्या. शुद्धीवर होत्या. डाव्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. परिचारिकाच त्या, ओढणीने स्वतःच पाय वर बांधून घेतला होता. साडेबारापासून उन्हात. दगडाच्या भिंतींत हाका वर आल्या नव्हत्या. आम्ही दोर सोडून उतरलो. भाऊंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, थेंब थेंब पाणी पाजलं.

"मी बाणच शोधत होते ओ," त्या म्हणाल्या. "त्या दगडाला चारी बाजूंनी फिरून बघितलं. उलट्या अंगाला होता एक. तो खाली दाखवत होता. मग म्हटलं, रुंद वाटच खरी असंल."

"तुमचं काही चुकलं नाही," भाऊ म्हणाले. "काहीच चुकलं नाही."

डॉक्टर पुढे म्हणाले की दोन तास आधी आणल्या असत्या तर पाय अधिक चांगला वाचवता आला असता. त्या आज काठी घेऊन चालतात. ते दोन तास माझे आहेत.

पंधरा दिवसांनी शाळेच्या एका वर्गात सभा भरली. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. बागायतदार उभे राहिले. चांगला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "उद्या जीव गेला असता तर? टप्पा पाहिला होता की नव्हता?"

भाऊंनी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोठ्याने वाचलं: "सड्याचा टप्पा, दोन्ही बाजूंनी पाहिला." खाली सही भाऊंची.

"कोणी पाहिला होता, भाऊ?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते फळ्याकडे बघत थांबले. मला आता खात्री आहे की ते माझ्यासाठी थांबले होते. मी उठावं एवढा वेळ त्यांनी दिला, त्याहून जास्त दिला. मी पुढच्या बाकावर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र बघत होतो. मला पोलिसांची भीती होती, निवृत्तिवेतनाची भीती होती, आणि सगळ्यांत जास्त, तिसऱ्या खाऊन झोपलो हे चारचौघांत सांगायची लाज होती. माणूस मोठ्याच गोष्टीला घाबरून गप्प बसतो असं नाही.

"वहीत सही माझी आहे," भाऊ शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं नाव नाही."

त्यांनी तिथेच राजीनामा लिहिला. कुणीतरी अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, "सगळ्यांची इच्छा असेल तर." हे वाक्य मी म्हटलं. कारकिर्दीत शिकलेलं वाक्य आहे ते.

नऊ वर्षं मी अध्यक्ष होतो. पहिल्याच बैठकीत मी नवा नियम केला, की ज्याने टप्पा पाहिला त्याने स्वतः सही करायची. सगळ्यांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं.

भाऊ सभेला यायचे बंद झाले, वाट मात्र त्यांनी सोडली नाही. एकटेच चुन्याचा डबा घेऊन जायचे. मी रस्त्यात भेटलो तर तब्येत विचारायचे, घरच्यांची चौकशी करायचे. पण "परतून बघितलंत?" हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी कितीदा तरी वाट बघितली. वाटायचं, विचारतील आणि मी "नाही" म्हणेन.

गेल्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो. पंचा उशीवर ठेवला होता. वहिनी पेज आणायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघेच.

"तुझ्या मेहुण्याकडे," भाऊ हळू म्हणाले, "तिसऱ्या मिळतात का रे अजून?"

बारा अधिक नऊ वर्षांत त्यांनी मला कधी अरे म्हटलं नव्हतं.

मेहुण्यानेच सांगितलं असणार, कौतुकाने: आमचे भावजी आले होते, दोनदा वाढून घेतलं, साडेचारच्या गाडीने गेले. कधी सांगितलं असेल? सभेच्या आधी की नंतर?

"मिळतात," मी म्हटलं.

"मला एकदाही नेलं नाहीस."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी पेज घेऊन आल्या, आणि मी त्यांच्या हातातली वाटी घेण्यासाठी उठलो. उठायला नेहमी काहीतरी कारण सापडतं. आठ दिवसांनी भाऊ गेले.

आता मंडळाची स्मरणिका निघते आहे. आमच्या नव्या अध्यक्ष शाळेत शिकवतात, पंचावन्नच्या आतल्या आहेत, त्यांनी मजकूर वाचायला मला पाठवला. भाऊंच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "त्यांच्या देखरेखीतील एका दुर्दैवी हलगर्जीपणामुळे त्यांना पदत्याग करावा लागला." सभ्य वाक्य आहे. त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

मी त्यांच्याकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी स्मरणिकेचे कागद मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला पाहून ही वाट चालायला शिकले."

"माहीत आहे."

"लिहून द्या. मी छापते. जसंच्या तसं."

म्हणून हे लिहिलं. जुन्या वहीतल्या त्या ओळीखाली, नव्या अध्यक्षांसमोर, मी लिहिलं: "हा टप्पा माझ्याकडे होता. मी परतून पाहिला नाही. फोनवर पुन्हा खोटं सांगितलं." सही केली. कोल्हापूरच्या बाईंनाही पत्र पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. येईलच असं नाही, आणि यायलाच हवं असंही नाही.

एक गोष्ट मी मेहुण्याला, बायकोला, कुणालाच सांगितलेली नाही. त्या सभेनंतर भाऊ एकटेच बाहेर पडले. शाळेपासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी उतरते. आत लोक मला शुभेच्छा देत होते आणि मी दाराशी येऊन त्यांच्या पाठीकडे बघत होतो. चपला हातात धरून ते एकेक पायरी उतरत होते. मी मोजलं नाही, पण वीस झाली असणार, कारण ते थांबले आणि टाचेवर वळले.

मी झटकन दाराच्या फळीमागे झालो.

फटीतून दिसत होतं. ते डोळे बारीक करून वर बघत होते, दाराकडे, जिथे एक माणूस असायला हवा होता. खूप वेळ बघत राहिले. मग वळले आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.